बहात्तरचा दुष्काळ आणि वॉर्डातली उपासमार

नांदेड-लातूरकडचे सत्तरीपुढचे रुग्ण आजही वयाचा हिशेब बहात्तरच्या दुष्काळावरून लावतात. खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली, रेशनची तांबडी मिलो आणि कामावरची सुकडी खाल्ली, हे ते सहज सांगून जातात. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. ती भूक सगळ्यांना दिसत होती, म्हणून तिच्यावर उपाय निघाला.

दवाखान्यातली भूक अशी दिसत नाही. अंगावर चादर असते, हाताला सलाईन असते.

१९३६ साली अमेरिकेत हायरम स्टडली या सर्जनने एक साधी गोष्ट केली. पोटातल्या अल्सरचं ऑपरेशन झालेल्यांचं वजन आधी किती घटलं होतं, ते पाहिलं. ज्यांचं वजन २० टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यातले सुमारे ३३ टक्के दगावले. बाकीच्यांत हेच प्रमाण ३.५ टक्के होतं. २० टक्के म्हणजे ६० किलोचा माणूस ४८ किलोवर येणं. आमच्या भागात टीबीचा किंवा कॅन्सरचा रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत एवढं वजन जाणं काही नवलाचं नाही.

असं का होतं? अन्न मिळालं नाही की शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही मोडून खातं. ताप, जखम असली की आणखी झपाट्याने. छातीचे स्नायू खंगले की जोरात खोकता येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. टाके भरत नाहीत, पाठीला बेडसोर होतात. दाखल्यावर शेवटी न्यूमोनिया लिहिला जातो. भूक कोणी लिहीत नाही.

आपल्याकडचा दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी आपल्याच व्यवसायाला खडसावलं. रुग्णाचं वजन-उंची नोंदवत नाहीत, तपासण्यांसाठी जेवण चुकवतात, दिवसेंदिवस नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर ठेवतात. ही तक्रार सुबत्तेच्या देशातली होती, हे विशेष!

सलाईनबद्दल आपल्याकडे तर फारच श्रद्धा. ‘डॉक्टर, दोन बाटल्या लावा, ताकद येईल.’ अर्ध्या लिटरच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरेक कॅलरी. एका भाकरीत याहून जास्त असतात. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये तर शून्य. सलाईन पाणी भरून काढतं, जेवणाची जागा घेत नाही. घरचा डबा रिकामा गेला म्हणजे रुग्ण जेवला असंही समजू नका. बऱ्याचदा दोन घास त्याचे आणि उरलेलं सोबतच्या माणसाचं.

मात्र खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपेट वाढू नका. रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होऊ शकतो. अशा रुग्णाचं खाणं डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताबेताने वाढवायचं.

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं, तर ‘आता काय खायला देऊ?’ हे लगेच विचारा. आणि ॲडमिट होतानाच दोन गोष्टी सांगा: सहा महिन्यांत वजन किती उतरलं, आणि गेल्या आठ दिवसांत पोटात काय गेलं. घरी काटा नसला तरी चालेल. बांगड्या सैल झाल्या, पॅन्ट कमरेवर थांबत नाही, एवढं सांगितलं तरी आम्हाला कळतं.