उद्याचा शिधा

ख्रिस्ती लोकांच्या नित्याच्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आहे; पण ती आजच्या भाकरीची, वर्षाच्या बेगमीची नव्हे. वाचकहो, एकट्या माणसाने असे मागणे वेगळे आणि ज्याच्या पंगतीला शेकडो पोरकी मुले बसायची आहेत त्याने मागणे वेगळे. हे ज्यांनी प्रत्यक्ष करून पाहिले अशा दोघांची ही हकीकत आहे. एक ब्रिस्टलचा, दुसरी आपल्या केडगावची.

जॉर्ज म्युलर जन्माने प्रशियन. इंग्लंडात धर्मोपदेशक असताना १८३० साली त्याने ठराविक पगार सोडला आणि १८३६ मध्ये ब्रिस्टल येथे भाड्याच्या घरात अनाथालय काढले. माणसाजवळ मागायचे नाही आणि कर्ज काढायचे नाही, हा त्याचा नेम. गरज सांगायची ती देवाला. १८७० पर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली. आता तुम्ही विचाराल, मग लोकांना कळे तरी कसे? तर त्याचे अहवाल छापले जात. त्यांत पैन्‌पैचा हिशेब असे आणि गंगाजळी आटल्याचे दिवसही असत. मागणे नव्हे, पण कळवणे झालेच की! हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. परंतु १८४१ च्या अखेरीस हाती काहीच उरले नव्हते, तेव्हा त्याने तो अहवाल मुद्दाम लांबणीवर टाकला. ऐन अडचणीत छापला तर ती याचना दिसेल, म्हणून. नुसता चतुर माणूस असे करणार नाही.

या म्युलरचे चरित्र पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले. परदेशात जे घडले ते हिंदुस्थानात का घडू नये, असा प्रश्न त्यांना पडला. तो त्यांनी कोरड्या मनाने विचारलेला नव्हता, बरे का. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. घरातले होते नव्हते ते दानधर्मात व व्रतांत खर्चून ते कुटुंब देवाच्या कृपेची वाट पाहत उपाशी राहिले होते. अशा घरातली मुलगी पुन्हा एकदा ‘देव देईल’ म्हणते, तेव्हा त्या शब्दाला निराळे वजन येते.

त्यांचे शारदा सदन १८८९ साली मुंबईत निघाले व पुढे पुण्यास आले. त्याला अमेरिकेतील मंडळाचा दहा वर्षांचा आधार होता. ती मुदत संपत आलेली, आणि त्यातच १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात पडलेला. जवळ शिल्लक अशी नाही. तरी रमाबाई तिकडे गेल्या आणि तीनशेच्या सुमारास मुली व स्त्रिया घेऊन आल्या. आधी पैसा, मग माणसे, हा जगाचा क्रम. बाईंनी तो उलटा केला. पुढे अमेरिकेत नवे मंडळ स्थापन होऊन मदत चालू राहिली, हेही सांगितले पाहिजे. पण ती येईल हे त्या मुलींना आणताना कोणाला ठाऊक होते?

पुणे-दौंड रस्त्यावरचे केडगाव म्हणजे पावसाची कायमची ओढ असलेला मुलूख. तिथे बाईंनी जमीन घेतली, विहिरी खणवल्या, फळझाडे लावली. पुढे माग आले, तेलाचा घाणा आला, छापखाना आला. भरवसा ठेवणाऱ्या बाईने विहीर कशाला खणावी, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. त्यांच्या आईवडिलांजवळ श्रद्धेला तोटा नव्हता. वितभर जमीन मात्र उरली नव्हती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्ती सदनातली जेवणारी तोंडे दीड हजारांच्या वर गेली. कोठीतले धान्य मोजून मग दार उघडायचे ठरवले असते, तर त्यांतल्या कित्येक जणी केडगाव स्टेशनापर्यंतही पोचल्या नसत्या.