दासगावचं बंदर

महाडला जायचं तर मी वीर स्टेशनला उतरतो. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा जून 1993 मध्ये सुरू झाला. त्याआधी महाड म्हणजे एस.टी. आणि वळणावळणाचा रस्ता. आणि त्याच्याही आधी? होडी!

परवा वीरहून रिक्षात बसलो आणि दासगाव आल्यावर सहज विचारलं, "काका, इथलं बंदर कुठे?" ते हसले. "बंदर? दादा, समुद्र कुठाय इथं?"

त्यांचं तरी काय चुकलं? समुद्र तिकडे लांब, बाणकोटला. पण भरतीचं पाणी सावित्रीतून इथवर चढतं आणि त्या पाण्यावर एके काळी मुंबईच्या बोटीचे उतारू दासगावला पोचत. महाड हे घाटावरच्या आणि समुद्रावरच्या मालाच्या अदलाबदलीचं गाव. 1802 मध्ये पुणं सोडून पळालेला दुसरा बाजीरावही रायगड, महाड करत किनाऱ्याला लागला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला गेला.

पण मला दासगाव आठवतं ते दुसऱ्याच प्रवाशांसाठी.

20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. मुंबईहून नेहमीची वाट धरमतरवरून, पुढे मोटारीने. पण मोटारवाल्यांनी बसूच दिलं नाही तर? म्हणून बाबासाहेब आणि प्रतिनिधी 'पद्मावती' बोटीने निघाले. हिशेब साधा होता. दासगावला उतरल्यावर कुणी गाडी नाकारली, तरी महाड पाचच मैल. चालत जाता येतं. 25 डिसेंबरला ते दासगावला उतरले, आणि त्याच रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा हक्क कोर्टात शाबीत व्हायला मात्र 1937 उजाडलं.

दासगाव ते महाड हा रस्ता मी कितीदा गेलोय. वाटेत डावीकडे डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसतात. आपण गाडीतून मान वळवून बघतो आणि विसरतो. चवदार तळ्यावर सगळे जातात, जायलाच हवं. पण तिथे पोचायला आधी वाट शोधावी लागली होती, आणि ती वाट या नदीने दिली, हे कुणी सांगत नाही.

आता महाडकरांना सावित्री आठवते ती पुरामुळेच. 2005 चा जुलै, 2021 चा जुलै. 2016 मध्ये तर जुना पूलच वाहून गेला, माणसांसकट. नदीची भीती वाटते, यात नवल नाही.

परत येताना तेच रिक्षावाले काका भेटले. वीर येईपर्यंत त्यांना हे सगळं सांगितलं. गप्प बसून ऐकत होते. स्टेशनवर पैसे घेताना म्हणाले, "म्हणजे बाबासाहेब आमच्या दासगावला उतरले होते?"

'आमच्या' म्हणाले. मला तेवढं पुरे.