समुद्रापलीकडचे सामान

परदेशी निघालेल्या माणसाचे सामान उघडून पाहण्याचा हक्क जकातखात्याला असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो क्वचितच बजावला आहे. राजेरजवाड्यांच्या वंशावळी आपण मोठ्या निष्ठेने लिहून ठेवल्या, पण बोटीवर चढताना कोणाच्या ट्रंकेत काय होते, याची चौकशी फारशी केली नाही. वास्तविक माणूस कशाला भितो, कशावाचून त्याचे चालणार नाही आणि परत येण्याचा त्याचा विचार कितपत पक्का आहे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या ट्रंकेत सापडतात.

राजाच्या सामानापासूनच आरंभ करू. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंग विलायतेस निघाले. समुद्र ओलांडणे धर्माला मान्य नाही, आणि बादशहाचे आमंत्रण तर मोडता येत नाही! महाराजांनी यातून तोड काढली ती अशी, की गंगाच बरोबर घ्यावी. चांदीचे प्रचंड रांजण गंगाजलाने भरून बोटीवर चढविण्यात आले. त्यांपैकी दोन आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. एकेकाचे वजन सुमारे 345 किलो असून प्रत्येकात 4000 लिटर पाणी मावते. लंडनमध्ये पिण्याच्या पाण्याची टंचाई होती असे नाही. नेले ते पाणी नव्हते. जातीबाहेर न पडण्याची ती हमी होती.

याच्या एकोणीस वर्षे आधी एक मराठी मुलगी समुद्रापार गेली होती. तिच्यापाशी चांदीचे रांजण नव्हते. आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय अवघे अठरा. निघण्यापूर्वी, 24 फेब्रुवारीला, सेरामपूर येथील सभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जातो हे इंग्रजीत भाषण करून सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यांचा निश्चय होता. तेव्हा ट्रंकेत काय असावयाचे ते ठरलेलेच होते : लुगडी, आणि त्यांबरोबर न दिसणारे असे शाकाहाराचे व्रत.

फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याला मात्र या निश्चयाचे काहीच कौतुक नव्हते. आपले नऊवारी लुगडे कोकण-देशावरच्या हवेसाठी जन्मले आहे. बर्फात उघड्या पोटऱ्यांनी हिंडण्यासाठी नव्हे. पुढे आनंदीबाईंनी लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलून पाय झाकणारी गुजराथी पद्धत स्वीकारली. तत्त्व सोडले नाही, नेसण बदलली. 11 मार्च 1886 रोजी त्या एम्. डी. झाल्या. पण प्रकृती ढासळली होती ती ढासळलीच. त्या वर्षाअखेर त्या मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. क्षयाने नेलेल्या त्या जिवाचा दोष लुगड्यावर ठेवण्याचा आततायीपणा मी करणार नाही. पण आपल्या हवेसाठी बनलेली वस्तू परक्या हवेत नेली की ती वस्तू तरी बदलावी लागते, नाहीतर माणसाला सोसावे लागते, एवढे त्यांच्या चरित्रावरून दिसतेच.

ही जुनी बाडे मी आज सोडून बसलो आहे, त्याला कारण अगदी ताजे आहे. आमचे पिंपळे गुरव हे एकेकाळी हवेली तालुक्यातले पवनाकाठचे खेडे. आता पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग. चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या कचेऱ्यांत काम करणारी मंडळी इथल्या इमारतींतून राहतात, आणि त्यांतले कोणी ना कोणी सदैव परदेशी निघालेले असते. माझी भाचीही तशीच नेदरलँड्सला निघाली. तिने मला विचारले, “मामा, तू जुन्या गोष्टी वाचतोस. मला सांग, माझी फळी नेऊ की नको?”

ही फळी म्हणजे पोळपाट नव्हे. भाचीला विंडसर्फिंगचा नाद आहे. पाण्यावर तरंगणारी फळी, तिच्यावर उभी डोलकाठी आणि शीड; माणसाने फळीवर उभे राहून ते शीड हातांनी सांभाळायचे आणि वाऱ्याबरोबर पळायचे, असा हा खेळ. पवनेच्या काठी राहणाऱ्या मुलीला हे वेड कुठून लागले, असे वाचक विचारतील. पण पाण्याशी सोयरीक जुळायला गाव पाण्याचे असावेच लागते असे नाही. नदीपलीकडे दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात वल्हवण्याचे शिक्षण घेतलेला दत्तू भोकनळ हा नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचा, म्हणजे दुष्काळी मुलखातला. तो 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला आणि तेरावा आला. भाची हा खेळ गोव्यात शिकली आणि पहिल्या वर्षाच्या पगारातून तिने जुनी फळी आणि शीड विकत घेतले.

या खेळाचा इतिहासही मौजेचा आहे. कॅलिफोर्नियातले हॉयल श्वाइट्झर आणि विमानांचे अभियंते जिम ड्रेक या दोघांनी 1968 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1970 साली ते मंजूर झाले. फळी जुनीच होती, शीड तर नोहाच्या काळापासूनचे. नवे होते ते डोलकाठीच्या बुंध्याशी असलेला सांधा. या सांध्यामुळे डोलकाठी हव्या त्या दिशेला कलते, गोल फिरते, पाण्यात आडवी पडते, पण फळीपासून सुटत नाही. सुकाणूची गरज उरत नाही. शीड पुढेमागे कलवले की फळी वळते. पुढे विलायतेत पेटंटाचा खटला चालला, तेव्हा पीटर चिल्व्हर्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा 1958 सालीच हेलिंग बेटापाशी अशी घरगुती फळी चालवीत होता, हे उजेडात आले आणि तिथले पेटंट कोसळले. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनीही 1965 साली आपली शिडाची फळी मासिकात छापली होती. 1984 साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि पहिले सुवर्णपदक स्टीफन व्हान डेन बर्ग या डच माणसाने पटकावले. भाची निघाली होती ती त्याच्याच देशाला. आपल्याकडचे म्हणाल तर इबाद अलीने 2023 साली हांगजौच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणले आहे.

आता प्रश्न सामानाचा. विमानाच्या साध्या बॅगेला सहसा 23 किलोंची मर्यादा असते, आणि लांबी, रुंदी व उंची मिळून 158 सेंटिमीटरांची. फळी अडीच मीटर लांब. डोलकाठी 4 मीटर 30 सेंटिमीटर. तिचे दोन तुकडे होतात, पण तुकडाही सव्वादोन मीटरांच्या घरात. शीड गुंडाळता येते, म्हणून ते न्यावे असे प्रथम वाटते. पण डोलकाठी वाकते कशी, यावर शिडाचा आकार अवलंबून असतो. अमुक शिडाला अमुकच डोलकाठी लागते. शीड नेले की डोलकाठी नेणे आले, तिच्यामागोमाग हातात धरायची आडवी दांडी आली. पाटा नेला की वरवंटा सुटत नाही, तशातला हा प्रकार.

याहून महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची आहे. वारा मंद असेल तर शीड मोठे लागते, वारा जोरकस असेल तर लहान. गोव्याला दुपारी समुद्रावरून येणारा वारा बहुधा सौम्य. म्हणून भाचीचे शीड साडेसहा चौरस मीटरांचे. उत्तर समुद्राच्या काठी वारा दांडगा; तिथे पुष्कळ दिवशी साडेचारांचे शीड पुरे होते आणि त्याला डोलकाठीही आखूड लागते. शिवाय गोव्याचे पाणी कोमट. तिथल्या थंडीत पाच-पाच मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख चढवावा लागतो, आणि तो आपल्याकडे घेऊन ठेवण्यात अर्थ नाही, कारण तो अंगाला घट्ट बसतो की नाही हे घालून पाहिल्यावाचून कळत नाही. थोडक्यात, तिचे शीड म्हणजे फिलाडेल्फियातले नऊवारी.

या विषयात आपल्याच माणसांनी घालून दिलेला एक धडा आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीस निवृत्तीनंतर राहिलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी मनात घेतले, की भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, आणि होडीही इथेच बांधलेली असावी. कमांडर दिलीप दोंदे यांनी बीडा उचलला. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर यांनी 56 फुटांची ‘म्हादेई’ बांधली. आराखडा डच घराण्याचा, सांगाडा गोव्याच्या कारागिरांचा, आणि बरेचसे साहित्य बाहेरून मागवलेले. जे आपल्या हाताने होण्यासारखे होते ते इथे केले. ज्यात दुसरे अधिक तरबेज होते ते त्यांच्याकडून घेतले. त्यात कमीपणा मानला नाही. 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून निघून दोंदे 19 मे 2010 रोजी परत आले. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड आणि दक्षिण आफ्रिका असे चारच मुक्काम. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे 2012-13 साली याच म्हादेईतून अभिलाष टॉमी कोठेही न थांबता फिरून आले.

हे सारे मी भाचीला सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “हिशेब मलाही कळतो, मामा. फळी इथे विकली तर मिळणाऱ्या पैशांत तिथे जुनी फळी येईल, हेही ठाऊक आहे. पण विकली म्हणजे मी परत येणार नाही असे कबूल केल्यासारखे नाही का होत?”

तेव्हा मला उमगले, की तिची अडचण किलोंची नव्हतीच. माधोसिंगांचे रांजण आठवा. त्यांच्या वजनाचा हिशेब कोणीही मांडू शकला असता. पण ते ज्यासाठी नेले, त्याचे वजन कोणत्या तराजूत करावयाचे? परदेशी जाणारा माणूस काही वस्तू वापरण्यासाठी नेतो आणि काही, आपण कोण आहोत हे विसरू नये म्हणून. दुसऱ्या प्रकारच्या वस्तूला हसू नये. फक्त ती पेलण्याइतकी लहान असावी. नाहीतर आपण तिला नेतो आहोत की ती आपल्याला अडवते आहे, हे कळेनासे होते.

मी तिला एवढेच म्हणालो, की या खेळात वाऱ्यापाण्यासाठी जे बनते ते त्या वाऱ्यापाण्यापाशीच ठेवावे, आणि आपल्या अंगासाठी जे बनते ते आपल्याबरोबर न्यावे. कित्येक ऑलिंपिक स्पर्धांत या खेळाची फळी आणि शीड खेळाडूने आणलेले नसे. सर्वांना सारखे मिळावे म्हणून ते आयोजकच देत. खेळाडूपाशी स्वतःचे असे त्याचे शरीर, त्याचा सराव आणि कमरेचा पट्टा. हा पट्टा दोरीने दांडीला अडकवला की शिडाची ओढ हातांवर न येता अंगावर येते. तो ज्याच्या त्याच्या मापाचाच लागतो आणि वापरून वापरून अंगाची घडी घेतो. उसना पट्टा बरगड्यांना काचतो.

तिने दोन दिवस विचार केला. फळी विकली नाही. गोव्यात ती ज्या ठिकाणी शिकली, तिथे एक लहान मुलगी नव्याने शिकायला येते. तिच्यासाठी फळी, डोलकाठी, दांडी आणि शीड असा सगळा संच तिने ठेवून दिला. “मी सुट्टीत आले की तासभर मागून घेईन,” एवढी अट घातली. स्वतःबरोबर कमरेचा पट्टा, त्याच्या दोऱ्या आणि पाण्यात घालायचे पातळ बूट घेतले. सगळे मिळून तीन किलोही भरले नाही.

बॅगेत जागा उरली. माझी बहीण हे सारे दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात गेली आणि चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला घेऊन आली. 23 किलो कसे भरले, ते सांगावयास नकोच.