वारा, पूल आणि संगणकाचे गणित

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा नॅरोज हा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी वाहतुकीस खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कोसळला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. याहून कितीतरी जोराचा वारा सोसण्याच्या हिशेबाने हा पूल बांधलेला होता. मात्र तो हिशेब वाऱ्याच्या स्थिर दाबाचा होता.

वारा एखाद्या अडथळ्यावरून जाताना त्याच्या मागे आलटून पालटून भोवरे सोडतो. या भोवऱ्यांची लय पुलाच्या नैसर्गिक कंपनाशी जुळली आणि पूल पडला, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ दिले जात असे. बिलाह आणि स्कॅनलन या संशोधकांनी १९९१ मध्ये त्यातील चूक दाखवून दिली. त्या वेगाला भोवरे सेकंदाला साधारण एक या गतीने सुटत असणार. पूल मात्र पाच सेकंदांतून एकदा पिळवटत होता. पिळवटणाऱ्या पुलामुळे भोवतालचा प्रवाह बदलत होता आणि बदललेला प्रवाह पुलाला आणखी पीळ देत होता. अभियंते यास ‘फ्लटर’ म्हणतात.

संगणकीय प्रतिरूपणाचे खरे आव्हान हेच आहे. या पद्धतीत पुलाभोवतीची हवा लाखो, प्रसंगी कोट्यवधी लहान घरांत विभागली जाते. प्रत्येक घरातील वेग आणि दाब नेव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या आधारे क्षणाक्षणाने काढला जातो. फ्लटर तपासायचा असेल, तर दर टप्प्यावर पुलाची बदललेली स्थितीही गणितात घ्यावी लागते.

अडचण संक्षुब्ध प्रवाहाची. वाऱ्यातील मोठे भोवरे फुटून लहान होतात आणि त्यांतील सर्वात लहान भोवरे अगदी सूक्ष्म असतात. खऱ्या पुलाभोवतीचा प्रत्येक भोवरा मोजणे आजच्या महासंगणकांनाही शक्य नाही. म्हणून मोठे भोवरे प्रत्यक्ष सोडवून लहानांच्या परिणामाचा अंदाज धरतात, किंवा सर्वच संक्षोभाचा सरासरी परिणाम गृहीत धरतात. उत्तराची विश्वासार्हता या गृहीतकांवर अवलंबून असते.

गणितात काय घेतले, यालाही तितकेच महत्त्व आहे. इंग्लंडमधील फेरीब्रिज वीज केंद्राचे आठपैकी तीन शीतक मनोरे १ नोव्हेंबर १९६५ रोजी वाऱ्याने कोसळले. वातबोगद्यातील चाचण्या एकट्या मनोऱ्यावर झाल्या होत्या; शेजारच्या मनोऱ्यांमुळे वाऱ्याचा मारा कसा बदलतो, हे तपासले गेले नव्हते. चीनमधील हुमेन पूल १९९७ पासून वापरात होता. दुरुस्तीच्या काळात त्याच्या कडेने पाणी भरलेले तात्पुरते अडथळे ठेवण्यात आले आणि ५ मे २०२० रोजी हा पूल ठळकपणे लाटांसारखा हलू लागला. अडथळ्यांमुळे डेकचा वाऱ्यापुढील आकार बदलला आणि भोवऱ्यांमुळे कंपने उद्भवली, असे तज्ज्ञांचे मत पडले. कठड्याएवढी बाबही प्रतिरूपणातून वगळणे महागात पडू शकते, ते यासाठी.

म्हणूनच संगणकाने वातबोगद्याची जागा घेतलेली नाही. डेकच्या अनेक संभाव्य आकारांतून थोडके निवडणे, प्रवाह नेमका कोठे सुटतो ते पाहणे आणि वारा वळवणाऱ्या पट्ट्या कोठे बसवाव्यात हे ठरवणे, ही कामे संगणक कमी वेळात व कमी खर्चात करतो. डेन्मार्कमधील १९९८ साली खुल्या झालेल्या ग्रेट बेल्ट पुलाच्या १६२४ मीटरच्या गाळ्याखाली अशाच पट्ट्या बसवून भोवऱ्यांची कंपने आटोक्यात आणली गेली. निवडलेल्या आकाराची परीक्षा मात्र वातबोगद्यात होते आणि पूल उभा राहिल्यावर त्यावरील संवेदकांच्या नोंदींशी ती ताडून पाहिली जाते. तीनही उत्तरे जुळली, तरच गणितावर विसंबता येते.