आधी शेजारी की आधी गाव?

बत्हा म्हणजे रियाधचा जुना बाजार. एकेका खोलीत दाटीनं राहणाऱ्या भारतीय, बांगलादेशी, नेपाळी कामगारांची वस्ती. मार्च 2020 मध्ये विमानं बंद झाली, कर्फ्यू लागला नि रोजंदारीवाल्यांची मजुरी थांबली. आम्हा मराठी मंडळींत वाद झाला: जमलेले रियाल गावी पाठवायचे, की इथं शिधा वाटायचा?

30 मार्चला सौदी सरकारनं इकामा संपलेल्यांनाही कोरोनाचे उपचार मोफत केले. एप्रिलमध्ये जगासाठी 50 कोटी डॉलर देऊ केले, आणि एप्रिल 2021 मध्ये भारताला 80 टन ऑक्सिजन धाडला. पण आमची झोळी लहान!

तेव्हा कुणीतरी सावित्रीबाईंची आठवण काढली. 1897 च्या प्लेगात डॉक्टर यशवंतरावांनी पुण्याबाहेर दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथं पोचल्या. त्यांनाही लागण झाली नि 10 मार्चला त्या गेल्या. समोर दिसला, तो आपला.

आम्हीही तेच ठरवलं. शिधा आधी अडकलेल्यांना, देश न विचारता. 2021 मध्ये गावाकडे लाट आली, तेव्हा पैसे तिकडे. पहिल्या वर्षी गावचे काही जण रुसले. त्यांचंही चुकलं नव्हतं, मंडळी. पण भूक थांबत नाही.