खडी गंमत

कळमेश्वरच्या रस्त्यावर 'खडी' म्हटलं की आधी टिप्पर आठवतो. पण नागपूर-भंडाऱ्याच्या लोकनाट्यातली खडी दगडाची नव्हे. 'खडी गंमत' म्हणजे उभ्याउभ्या केलेली गंमत. शाहीर उभा, डफवाला उभा, ढोलकी कमरेला बांधलेला उभा, आणि लुगडं नेसलेला नाच्या तर पाय टेकवायलाच तयार नसतो. बसायचं ते फक्त प्रेक्षकांनी.

मग 'उभी गंमत' का नाही? हिंदीतला 'खडा' मराठीत परका नाही. खडा पहारा, खडी फौज, खडे बोल हे सगळ्यांच्याच तोंडी आहेत. त्यात नागपूर 1956 पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. इथे 'उभी' म्हणण्यापेक्षा 'खडी' सहज ओठांवर आली असावी, असं मला वाटतं.

खरा धागा पूर्वेला सापडतो. छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यात हसवणाऱ्या प्रसंगांना 'गम्मत' म्हणतात, आणि वाद्यं अंगाला बांधून उभ्याने वाजवण्याच्या जुन्या पद्धतीला 'खडे साज'. राजनांदगावचे दाऊ मंदराजी यांनी नाचात हार्मोनियम आणली आणि वादक हळूहळू खाली बसले. दिग्दर्शक हबीब तन्वीर यांनी पुढे याच नाचाचे कलावंत घेऊन नाटकं जगभर नेली.

म्हणजे खडी आणि गम्मत हे दोन्ही शब्द तिकडेही नांदतात, फक्त वेगवेगळ्या घरांत. आपल्याकडे त्यांचं लग्न लागलं. गुजरातीतही 'गम्मत' आहेच, तीही मौजेचीच. उगाच संस्कृत धातू खोदत बसण्यापेक्षा हा शेजारपाजार बघावा.