फणी वेगळी ठेवण्याआधी

आपल्या खापरखेड्यात केस गळले की आपण आधी वीज केंद्राच्या राखेला नाहीतर पाण्याला दोष देतो. मग तेल आणतो. आमच्या बचत गटातल्या एका ताईच्या डोक्यावर रुपयाएवढं गोल टक्कल पडलं, तेव्हा आम्हीही तेलच सुचवलं. वर ‘फणी वेगळी ठेव’ असंही सांगितलं. तीन महिने तिच्या डोक्यावरचा पदर हलला नाही.

केस जाण्याचे प्रकार वेगळे, हे जुन्यांनाही ठाऊक होतं. वाग्भटाने एकाएकी केस जाणारं इंद्रलुप्त आणि हळूहळू विरळ होणारी खलती असे दोन प्रकार सांगितले. पण खात्री करायची तर पुढे डॉक्टरही केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघत, किंवा कातडीचा तुकडा काढत. १९२५ मध्ये जांभळ्या दिव्याचा उपयोग कळला: त्याच्या उजेडात काही बुरशी हिरवी चमकते. नंतर दिवा लावलेलं भिंग आलं, दहापट मोठं दाखवणारं. केसांच्या या तपासणीला २००६ साली पोलंडच्या लिडिया रुडनिका आणि माल्गोझाता ओल्शेव्स्का या दोन डॉक्टर महिलांनी ‘ट्रायकोस्कोपी’ नाव दिलं. ना सुई, ना टाका.

भिंगाखाली काय दिसतं? चाईत केस उद्गारचिन्हासारखा, मुळाशी बारीक. बुरशीत स्वल्पविरामासारखा वाकलेला. घराण्यातून आलेल्या टकलात जाड-बारीक केस शेजारीशेजारी. आणि केसांची छिद्रंच बुजलेली दिसली, तर उशीर करू नये. तिथे मात्र तुकडा काढून तपासावा लागतो.

भिंगालाही सगळं कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस भराभर गेले. आधी संशय पाण्यावर होता. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केस तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. भिंगाला केस दिसतो, ताटातला गहू दिसत नाही.

आमच्या ताईला चाई निघाली. बुरशी फणीवरून पसरते, चाई कुणालाच लागत नाही. आम्ही बैठकीत तिची माफी मागितली.

तेव्हा तेलाच्या बाटलीआधी मेडिकल किंवा मेयोच्या त्वचारोग विभागात जा आणि विचारा, ‘डॉक्टर, हा कोणता प्रकार?’